वाइनच्या पहिल्या वर्गाला जाण्याआधी

नाव नोंदवण्याआधी एक गोष्ट ठरवा: हौस म्हणून तास-दोन तास चव घ्यायची आहे, की नीट शिकायचं आहे? नुसती चवच घ्यायची असेल तर नाशिकच्या वायनरीतली फेरी आणि त्यानंतरचं टेस्टिंग पुरेसं आहे. शिकायचं असेल तर लंडनच्या वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्टचा, म्हणजे डब्ल्यूएसईटीचा, लेव्हल वन घ्या. ही संस्था 1969 पासून हेच काम करते आहे. साधारण 6 तासांचा अभ्यासक्रम असतो, बहुधा एका दिवसात उरकतो. शेवटी 45 मिनिटांत 30 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे आणि पास व्हायला 70 टक्के, म्हणजे 21 उत्तरं बरोबर यायला हवीत. आधीचं शिक्षण, अनुभव काहीही लागत नाही. मुंबईत हे वर्ग होतात. लेव्हल वनच्या परीक्षेत चाखून ओळखायला सांगत नाहीत, त्यामुळे ‘मला वास ओळखता येतील का’ ही धास्ती मनातून काढून टाका.

अभ्यासक्रमाची पुस्तिका आधी हातात आली तर एकदा शांतपणे वाचा. आठ-दहा द्राक्षजाती ओळखीच्या झाल्या तरी वर्गात डोकं मोकळं राहतं: पांढऱ्यांत शार्दने, सॉव्हिन्यॉ ब्लाँ, रीस्लिंग, पिनो ग्रिजो, लालमध्ये कॅबर्ने सॉव्हिन्यॉ, मर्लो, पिनो न्वार आणि शिराझ. उच्चारांचा बाऊ करू नका, शिकवणारे सांगतात.

खरी तयारी नाकाची, आणि ती स्वयंपाकघरात फुकट होते. वर्गाच्या आधीचा आठवडाभर रोज मसाल्याच्या डब्यासमोर उभं राहा, डोळे मिटा आणि घरातल्या कुणाला तरी एकेक वाटी नाकाखाली धरायला सांगा. काळी मिरी, लवंग, दालचिनी, वेलची. रोजच्या वापरातली लवंगसुद्धा डोळे मिटल्यावर चटकन नावावर येत नाही, आणि नेमका तोच सराव हवा असतो. हे सगळे वास ग्लासात खरोखर भेटतात. शिराझमधली मिरी आणि खऱ्या मिरीचा तिखट वास एकाच रसायनामुळे येतात. ओक लाकडाच्या पिंपात राहिलेल्या वाइनला लवंग, व्हॅनिला, कधी ओल्या नारळाचा वास लागतो. सॉव्हिन्यॉ ब्लाँमध्ये नुकत्याच चिरलेल्या ढोबळ्या मिरचीचा किंवा कापलेल्या गवताचा वास येऊ शकतो, म्हणून भाजी चिरताना ती एकदा नाकाशी न्या. मंडईत गेलात की पेरू, अननस, लिंबाची साल, जांभूळ हुंगत चला. पुस्तिकेत गूजबेरी आणि ब्लॅककरंट वारंवार येतात. ती फळं कधी पाहिलीच नसतील तर ओढूनताणून लिहू नका. तुम्हाला पेरू जाणवला तर वहीत पेरू लिहा. आपल्या आठवणीतला वास दुसऱ्याच्या शब्दापेक्षा जास्त काळ टिकतो, असं माझं ठाम मत आहे.

जिभेसाठी तीन पेले मांडा: एकात लिंबू पिळलेलं पाणी, एकात साखरेचं पाणी, एकात दूध-साखर न घालता कडक उकळलेला थंड चहा. लिंबाचा घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना पाणी सुटतं, तो आंबटपणा. चहाचा घोट हिरड्या आणि गालांची आतली बाजू कोरडी, खरखरीत करतो, तो टॅनिनचा तुरटपणा. पहिल्याच वर्गात नवख्यांची गल्लत होते ती या दोघांत. जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत नाशिककडे जाणं झालं तर वाइनचं एखादं द्राक्ष मागून चाखा. ते थॉमसन या नेहमीच्या खायच्या द्राक्षापेक्षा लहान, जाड सालीचं, बियांचं असतं. साल चावली की तोच तुरटपणा लागतो. लाल वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून टॅनिन तिच्यात जास्त.

घरी एखादी वाइन उघडणार असाल तर एक घोट घ्या, मग चिमूटभर मीठ आणि लिंबाची फोड चाटून पुन्हा घ्या. वाइन मवाळ लागेल. त्यानंतर पेढा खाऊन घ्या, तीच वाइन आंबट आणि कडवट होईल. मिरचीचा ठेचा खाल्लात तर अल्कोहोलची जळजळ वाढेल. कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन, या धड्याचा मोठा भाग इतक्यात समजतो.

थुंकायचा सरावही करा. लाजू नका, वर्गात सगळेच थुंकतात आणि समोर त्यासाठी भांडं असतं. बेसिनसमोर पाण्याची चूळ घ्या, तोंडभर फिरवा आणि ओठ आवळून बारीक धार सोडा. दिवसभरात बऱ्याच वाइन समोर येतात. प्रत्येक घोट गिळलात तर दुपारनंतर चव कळायची नाही आणि परीक्षा तर शेवटी असते.

त्या दिवशी अत्तर, डिओ, गजरा नको, शेजारच्याचाही वर्ग बिघडतो. दात जायच्या तासभर आधीच घासून घ्या. वर्गाआधी कॉफी, पान, सुपारी, तंबाखू टाळा. पोहे-उपमा असा भरपेट पण कमी तिखट नाश्ता करा. गडद रंगाचे कपडे घाला. पेन आणि कोरे पांढरे कागद न्या. ग्लास कागदावर तिरका धरला की लाल वाइनची कड जांभळट आहे की विटकरी हे दिसतं, आणि त्यावरून तिच्या वयाचा अंदाज येतो. वय आणि ओळख पटवणारं फोटो ओळखपत्र पाकिटात असू द्या. सर्दी झाली असेल तर तारीख पुढे ढकलता येते का ते विचारा, बंद नाकाने बसण्यात पैसे वाया जातात. गरोदरपणात किंवा अल्कोहोलशी न जमणारी औषधं चालू असताना हा वर्ग घेऊ नका. आणि सगळं थुंकणार असलात तरी स्वतःची गाडी नेऊ नका, येण्याजाण्याची सोय आदल्या दिवशीच करून ठेवा.