पार्क बंद, पॉइंट्स अडकले: पासधारकांनो आणि टाइमशेअरवाल्यांनो, या चुका टाळा

१५ मार्च २०२० च्या रात्री ऑर्लँडोचं वॉल्ट डिस्नी वर्ल्ड बंद झालं ते थेट ११ जुलैला उघडलं. मधले ११७ दिवस कुलूप. उघडलं तेही टप्प्याटप्प्याने: आधी मॅजिक किंग्डम आणि ॲनिमल किंग्डम, मग १५ जुलैला एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज. कॅलिफोर्नियाचं डिस्नीलँड १४ मार्चला बंद झालं आणि त्याला उघडायला पुढच्या वर्षीचा ३० एप्रिल उजाडला. एका सहलीपुरतं तिकीट काढलेल्यांना तारीख बदलून घेता आली. पंचाईत झाली ती वार्षिक पास असलेल्यांची आणि डिस्नी व्हेकेशन क्लबचे, म्हणजे डीव्हीसीचे, पॉइंट्स विकत घेतलेल्यांची. डीव्हीसी हा डिस्नीचा टाइमशेअर: आधी पैसे भरून करार करायचा, मग दर वर्षी मिळणारे पॉइंट्स रिसॉर्टमधल्या मुक्कामासाठी खर्च करायचे. अमेरिकेतल्या मराठी घरांतही असे सभासद आहेत. मुलं लहान आहेत, आईबाबा दर उन्हाळ्यात पुण्याहून येतील, दर वर्षी फ्लोरिडाला जाऊ, असा हिशेब मांडून त्यांनी पॉइंट्स घेतलेले असतात.

बंदी कुणाच्याच हातात नव्हती. पण त्या काळात जे पॉइंट्स आणि पैसे गेले, त्यांतले बरेच वाचवता आले असते असं माझं ठाम मत आहे. शिवाय पार्क बंद व्हायला महासाथच लागते असं नाही. इयन वादळात २८ आणि २९ सप्टेंबर २०२२ ला पार्क बंद होते, मिल्टनमध्ये १० ऑक्टोबर २०२४ ला. म्हणून या चुका आताच समजून घ्या.

बातमी आली की लगेच बुकिंग रद्द करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. डीव्हीसीचा नेहमीचा नियम असा: मुक्कामाला ३१ किंवा जास्त दिवस असताना रद्द केलंत तर पॉइंट्स जसेच्या तसे परत येतात. ३० दिवसांच्या आत रद्द केलंत तर ते ‘होल्डिंग’ खात्यात जातात. होल्डिंगमधले पॉइंट्स फक्त पुढच्या ६० दिवसांतल्या मुक्कामासाठी वापरता येतात आणि पुढच्या वर्षात टाकता येत नाहीत. सगळी रिसॉर्ट्सच बंद असतील तर असे पॉइंट्स असून नसल्यासारखे.

रिसॉर्ट कंपनीनेच बंद केलं की गोष्ट वेगळी होते. बुकिंग रद्द होतं ते त्यांच्याकडून, आणि सवलती मिळतात त्या अशाच बुकिंगना. म्हणून बंदीची घोषणा आज-उद्या होईल असं दिसत असेल आणि तुम्ही ३० दिवसांच्या आत असाल, तर थांबा. मुक्काम दूर असेल आणि काही झालं तरी जायचं नाही हे घरात ठरलं असेल, तर मात्र ३१ वा दिवस उलटायच्या आधी रद्द करा. सल्ले वेगळे दिसतात, पण दोन्हींसाठी पाहायचं एकच: आजपासून मुक्कामाला किती दिवस आहेत.

फोन करण्याआधी सभासद खात्यातल्या पॉइंट्सच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. कोणत्या वर्षाचे किती, बँक केलेले (पुढच्या वर्षात टाकलेले) किती, पुढच्या वर्षाचे उधार घेतलेले किती, होल्डिंगमध्ये किती, हे सगळं त्यात दिसतं. पॉइंट्स परत आले की नवं पान जुन्याशी ताडून बघा. आकडा बरोबर असतो पण वर्ष चुकलेलं असतं, असंही होऊ शकतं, आणि एकूण बेरीज बघून समाधान मानणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

स्वतःचं यूज इयर माहीत नसणं

‘आमचे दोनशे पॉइंट्स आहेत’ एवढं बऱ्याच जणांना तोंडपाठ असतं. ते कोणत्या महिन्यात सुरू होतात आणि कधी संपतात, हे विचारलं की कागद शोधावे लागतात. डीव्हीसीत प्रत्येक कराराचं वर्ष, म्हणजे यूज इयर, वेगळ्या महिन्यात सुरू होतं: फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, जून, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर किंवा डिसेंबर. पॉइंट्स पुढच्या वर्षात टाकायचे, म्हणजे बँक करायचे, तर ते वर्षाच्या पहिल्या आठ महिन्यांतच. डिसेंबरवाल्यांची मुदत ३१ जुलैला संपते, जूनवाल्यांची ३१ जानेवारीला. आणि एकदा बँक केलेले पॉइंट्स पुन्हा बँक होत नाहीत.

आता जून यूज इयर असलेलं एखादं घर डोळ्यांपुढे आणा. जून २०१८ चे पॉइंट्स त्यांनी बँक केले, ते जून २०१९ च्या वर्षात आले. त्यावर एप्रिल २०२० ची सहल ठरवली. हे पॉइंट्स ३१ मे २०२० ला संपणार. बंदी मार्च ते जुलै. म्हणजे सहल गेली, पॉइंट्स पुढे ढकलायची सोय नाही आणि वापरायला उघडं रिसॉर्टही नाही! अशा अडकलेल्या सभासदांसाठी कंपनीने त्या वर्षी नेहमीच्या नियमांना अपवाद केले, पण अपवाद हा हक्क नसतो. पुढच्या वेळी मिळेलच याचा भरवसा नाही.

यावरचा उपाय साधा आहे. जुने पॉइंट्स वर्षाच्या शेवटच्या दोन-तीन महिन्यांतल्या सहलीसाठी राखून ठेवू नका. जुने आधी खर्च करा, तेही वर्षाच्या पहिल्या निम्म्यात. आणि बँक करण्याच्या शेवटच्या तारखेचं रिमाइंडर फोनमध्ये महिनाभर आधी लावा.

उधारीवर सहल उभी करणं

कमी पॉइंट्स घेऊन पुढच्या वर्षाचे उधार घ्यायचे आणि दोन वर्षांतून एकदा मोठी सहल करायची, ही पद्धत चांगलीच आहे. पण बंदीच्या काळात डीव्हीसीने उधारीवर मर्यादा आणली: पुढच्या वर्षाच्या पॉइंट्सपैकी निम्मेच घेता येतील. दीडशे पॉइंट्सवाल्याला एकदम ७५ वर थांबावं लागलं आणि आठवड्याचा बेत चार दिवसांवर आला. ज्यांची सगळी मांडणी उधारीवर होती तेच अडकले. शक्य असेल तर बँक केलेले आणि चालू वर्षाचे पॉइंट्स जोडून सहल करा. उधारी कमी पडलेल्या दहा-वीस पॉइंट्सपुरती ठेवा.

आईबाबांसाठी दोन बेडरूमचा मोठा व्हिला घेणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. ४ मे २०२१ पासून ८ नोव्हेंबर २०२१ पर्यंत भारतातून येणाऱ्या, अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नसलेल्या बहुतेक प्रवाशांना अमेरिकेत प्रवेश नव्हता. व्हिजिटर व्हिसावर येणारे आईवडील त्यात अडकले. मोठा व्हिला घेतला असेल तर तो पूर्ण ठेवा किंवा पूर्ण सोडा, असा पेच पडतो. त्याऐवजी एक स्टुडिओ आणि एक बेडरूमचा व्हिला अशी दोन बुकिंग केलीत, तर पॉइंट्स थोडे जास्त लागू शकतात, पण आईबाबांचं येणं रद्द झालं तर फक्त स्टुडिओ सोडता येतो. ज्यांचं येणं व्हिसावर आणि विमानावर अवलंबून आहे, त्यांच्यासाठी मी हाच मार्ग सुचवेन.

ड्यूज थांबवणं

‘रिसॉर्ट बंद, मग वार्षिक ड्यूज का भरायचे?’ चीड समजण्यासारखी आहे. पण ड्यूजमधून, म्हणजे सभासदांनी दर वर्षी भरायच्या रकमेतून, मालमत्ता कर, विमा, देखभाल आणि पुढच्या दुरुस्त्यांचा राखीव निधी जातो. इमारत रिकामी असली तरी यांतलं फारसं काही थांबत नाही. ड्यूज थकले की खातं गोठतं, बुकिंग करता येत नाही, व्याज चढतं, आणि प्रकरण हिश्श्यावर बोजा चढवून तो जप्त करण्यापर्यंत जाऊ शकतं. खरंच ओढाताण असेल तर देय तारखेच्या आधी फोन करा आणि हप्ते बांधून मागा.

कराराची शेवटची तारीखही बंदीमुळे पुढे सरकत नाही. बोर्डवॉक, बीच क्लब अशा जुन्या रिसॉर्ट्सचे करार ३१ जानेवारी २०४२ ला संपतात. बंदीत गेलेले महिने त्यात धरूनच. रिसेलमध्ये, म्हणजे आधीच्या सभासदाकडून, करार घेताना हा हिशेब मनात ठेवा.

पासचे पैसे परत मिळतायत म्हणून पास सोडणं

२०२० मध्ये डिस्नी वर्ल्डच्या पासधारकांपुढे दोन पर्याय होते: बंदीचे दिवस पासात वाढवून घ्या, किंवा पास रद्द करून उरलेल्या दिवसांचे पैसे परत घ्या. ठरवायला ११ ऑगस्टपर्यंत मुदत होती. पैसे घेणं काहींसाठी अगदी योग्य होतं. घरात वयस्कर माणसं होती, नोकरी डळमळीत होती. जून २०२० च्या अखेरीपासून न्यू यॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकटने फ्लोरिडाहून येणाऱ्यांना १४ दिवस विलगीकरणात राहायला सांगितलं होतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या माणसाने चार दिवसांच्या पार्कसाठी दोन आठवडे घरात बसायचं, तर पास ठेवून काय उपयोग?

पण ‘नंतर पुन्हा घेऊ’ म्हणून ज्यांनी पास सोडला, त्यांना तो परत घेता येईना. नव्या पासची विक्री बंद होती. नूतनीकरण फक्त आधीच्या पासधारकांना. विक्री ८ सप्टेंबर २०२१ ला सुरू झाली, २१ नोव्हेंबरला बहुतेक प्रकारांसाठी पुन्हा थांबली आणि २० एप्रिल २०२३ ला परत उघडली. डिस्नीलँडमध्ये तर जानेवारी २०२१ मध्ये जुनी पास योजनाच गुंडाळली गेली. तेव्हा परताव्याचा आकडा बघताना आणखी एक प्रश्न विचारा: हा पास उद्या पुन्हा विकत मिळेल का? उत्तर नक्की नसेल आणि तुम्ही वर्षातून दोनदा जाणार असाल, तर मुदतवाढ घ्या.

पास मासिक हप्त्यावर असेल तर पार्क उघडण्याच्या महिन्यात बँकेचं स्टेटमेंट बारकाईने बघा. जुलै २०२० मध्ये काही पासधारकांकडून चुकून जास्त पैसे कापले गेले आणि ते परत करावे लागले. क्रेडिट कार्डावर चुकीची रक्कम दिसली, तर ती रक्कम असलेलं पहिलं स्टेटमेंट आल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत नोंदवायची असते.

उघडल्यावरचे घोळ

खोली आहे, पास आहे, म्हणजे पार्कात प्रवेश आहे, अशी समजूत करून घेऊ नका. जुलै २०२० पासून प्रत्येक दिवसाचं वेगळं पार्क रिझर्व्हेशन लागायचं. फक्त पास असलेल्यांना एका वेळी तीनच दिवस धरता येत होते. कुणी तिन्ही दिवस नोव्हेंबरच्या थँक्सगिव्हिंगसाठी अडकवले, तर मधल्या शनिवार-रविवारसाठी हाती काहीच उरत नव्हतं. रिसॉर्टमध्ये मुक्काम असेल तर त्या मुक्कामाचे दिवस या तिनात धरले जात नव्हते, पण सिस्टीमला मुक्काम दिसला तरच.

तो न दिसण्याची कारणं साधी असतात. डीव्हीसीचं बुकिंग आणि डिस्नीच्या ॲपमधलं खातं जोडलेलं आहे का, आधी ते तपासा. मग प्रत्येकाचं नाव बघा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. एका ठिकाणी ते लिहिलं, दुसऱ्या ठिकाणी गाळलं, की एकाच माणसाच्या दोन नोंदी तयार होऊ शकतात: पास एकीवर, खोली दुसरीवर. असं दिसलं तर तिसरी नोंद उघडू नका. फोन करून दोन्ही एकत्र करून घ्या. मुक्काम दोन बुकिंगमध्ये विभागलेला असेल तर दोन्ही जोडलेली हवीत.

खोल्यांचाही तुटवडा असतो. बंदीत वाचलेले सगळ्यांचे पॉइंट्स नंतर एकदम बाजारात येतात. स्वतःच्या होम रिसॉर्टसाठी, म्हणजे ज्या रिसॉर्टचा करार घेतला त्यासाठी, ११ महिने आधी बुकिंग उघडतं, बाकीच्यांसाठी ७ महिने. अशा वर्षी सातव्या महिन्याची वाट बघू नका. होम रिसॉर्टची खोली आधी धरा, मग सात महिन्यांवर दुसरीकडे मिळाली तर बदला.

पॉइंट्स भाड्याने देणं-घेणं, तेही तोंडी

ओळखीतल्या ओळखीत, ग्रुपवर, ‘आमचे पॉइंट्स आहेत, घ्या’ असे व्यवहार होतात. मार्च २०२० मध्ये यात संबंध बिघडले. पाहुण्याने पैसे दिलेले, रिसॉर्ट बंद, पॉइंट्स मालकाकडे परत, पण मुदत संपत आलेली. पैसे कुणाचे बुडाले? लिहून ठेवलेलं नसेल तर याचं सर्वमान्य उत्तर नसतं. रिसॉर्ट बंद पडलं तर काय, पाहुण्याने स्वतः रद्द केलं तर काय आणि पॉइंट्स कधी संपतात, हे पैसे देण्याआधी ईमेलवर लिहून घ्या, मित्र असला तरी. प्रवास विम्यावर विसंबू नका. साथ जाहीर झाल्यावर घेतलेली साधी पॉलिसी त्या साथीमुळे रद्द झालेल्या सहलीचे पैसे सहसा देत नाही, आणि पॉइंट्सची किंमत भरून देईलच असं नाही.

घाबरून विकणं, आणि ‘सोडवून देतो’ म्हणणारे

२०२० च्या वसंतात घाबरून करार विकायला काढलेल्यांना २०२१ मध्ये रिसेलचे वाढलेले भाव बघावे लागले. बंदी चालू असताना विकायचा निर्णय घेऊ नका, कर्ज डोईजड झालं असेल तरच.

‘तुमच्या टाइमशेअरमधून कायमचं सोडवतो, आधी फी भरा’ असे फोन आले तर ठेवून द्या, ते कितीही गोड बोलले तरी. आगाऊ पैसे घेऊन गायब होणाऱ्या अशा कंपन्यांवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कारवाई केलेली आहे. बाहेर पडायचं असेल तर आधी थेट डीव्हीसीला विचारा, मग परवानाधारक रिसेल ब्रोकरकडे जा. तो त्याचं कमिशन विक्री झाल्यावर घेतो. फ्लोरिडात नव्याने सही केली असेल तर कायद्याने १० दिवसांत लेखी कळवून करार मोडता येतो. पोच मिळेल अशा पद्धतीने पाठवा आणि पोच जपून ठेवा. तक्रार असेल तर फ्लोरिडाच्या व्यवसाय नियमन खात्यात टाइमशेअरच्या तक्रारी बघणारा विभाग आहे.

भारतात क्लब महिंद्रासारखं सभासदत्व असलेल्यांनी वार्षिक वर्गणी, न वापरलेल्या रात्री आणि सीझनचा रंग (सभासदत्व कोणत्या हंगामाचं आहे ते) या तीन बाबतींत बंदीच्या काळात नेमकं काय लागू आहे ते लेखी मागावं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि तिथे तक्रार मराठीतून करता येते.