नावडत्या नायक-नायिकांच्या किशोरप्रेमपटाचे परीक्षण कसे लिहावे

किशोरवयीन प्रेमकथेवरचा एखादा चित्रपट फसला की बाहेर पडणारे पहिले वाक्य बहुधा ‘दोघेही डोक्यात गेले’ हेच असते. ही प्रतिक्रिया प्रामाणिक असली तरी तेवढ्यावर परीक्षण उभे राहत नाही, कारण कथेतली माणसे गुणी असलीच पाहिजेत अशी अट कोणत्याही कलेने घातलेली नाही. हट्टी, मत्सरी, खोटे बोलणाऱ्या पात्रांवर उत्तम चित्रपट झालेले आहेत. तेव्हा परीक्षकाने आधी ठरवावयाचे ते हे की, पात्रे जशी वागत आहेत तशी ती चित्रपटालाही दिसत आहेत की नाहीत. नायकाची अरेरावी आपल्याला स्पष्ट दिसत असताना दिग्दर्शक तिलाच प्रेम समजून त्यावर मधुर गाणे लावत असेल, तर निराशेचे मूळ तिथे आहे आणि परीक्षणानेही तिथेच बोट ठेवले पाहिजे.

उदाहरणादाखल ‘द किसिंग बूथ’ हा २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला चित्रपट घेऊ. वेल्समधील बेथ रीकल्स हिने वयाच्या १५ व्या वर्षी वॉटपॅड या हौशी लेखकांच्या संकेतस्थळावर लिहायला घेतलेल्या कथेवर तो आधारलेला असून त्याचे लेखन-दिग्दर्शन विन्स मार्चेल्लो यांचे आहे. एल आणि ली हे एकाच दिवशी जन्मलेले जिवलग मित्र असतात, त्यांनी आपल्या मैत्रीचे नियम लिहून ठेवलेले असतात आणि मित्राच्या नातलगाच्या प्रेमात पडायचे नाही असा त्यांतला एक नियम असतो. एल पडते ती लीच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे नोआच्या प्रेमात, आणि पुढची सारी धावपळ ते लपवण्याची. कथानक परीक्षणात सांगायचे ते एवढेच. याहून जास्त जागा त्याला देऊ नये.

पहिल्यांदा पाहताना विशेषणे लिहून ठेवण्याचा मोह टाळावा. ‘उर्मट’, ‘बावळट’, ‘स्वार्थी’ असे शेरे वहीत भरले की लिहायला बसल्यावर त्यांच्यामागचा प्रसंग आठवत नाही. त्याऐवजी केवळ कृती टिपाव्यात आणि प्रत्येक कृतीसमोर तिची किंमत कोणी मोजली तेही लिहावे. या चित्रपटाच्या आरंभीच्या भागात एलची शाळेची पँट फाटते, तिला जुना, आखूड झालेला स्कर्ट घालून जावे लागते, एक मुलगा सर्वांसमोर तिच्या अंगाला हात लावतो, नोआ त्याला मारतो आणि शिक्षा म्हणून एललाही शाळा सुटल्यावर थांबवून ठेवले जाते. तिथेच तो मुलगा माफी मागतो, फिरायला येण्याविषयी विचारतो आणि ती हो म्हणते! मग तो ठरल्या वेळी येतच नाही, कारण नोआने मुलांना तिच्यापासून दूर राहण्याची तंबी आधीच देऊन ठेवलेली असते. हे सगळे हलक्याफुलक्या विनोदाच्या चालीवर दाखवले आहे. टिपणात हा क्रम जसाच्या तसा उतरला की आपल्याला एलचा राग का येतो याचे उत्तर हाती लागते: तिच्यावर जे ओढवते त्याचा तिच्या मनावर काय परिणाम होतो याची चौकशी पटकथेने केलेलीच नाही, म्हणून तिचा प्रत्येक निर्णय बिनबुडाचा वाटतो. तिला दोष देण्यापूर्वी तिला मन न देणाऱ्याचा हिशेब मांडावा.

दुसऱ्यांदा पाहताना सर्वांत जास्त लक्ष द्यावे ते प्रसंगांच्या जोडणीकडे. पात्राविषयी चित्रपटाचे मत संवादांतून कळते त्यापेक्षा पुढचे दृश्य कोणते आहे यावरून अधिक कळते. पार्टीत एका मुलाने एलची छेड काढल्यावर नोआ मारामारी करतो, ती घाबरून त्याच्यापासून दूर होऊ पाहते, तेव्हा तो गाडीच्या बॉनेटवर हात आपटून तिला गाडीत बसायला ओरडतो आणि ती बसते. यानंतर काय येते ते पाहा. दोघे हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध पांढऱ्या अक्षरांपाशी जातात, आणि त्यांच्या प्रेमातला सर्वांत जवळिकीचा क्षण तिथे घडतो. ओरडणे आणि जवळीक यांच्यामध्ये एकही असे दृश्य नाही, ज्यात ती त्याला जाब विचारते किंवा तो स्वतःच्या रागाला घाबरतो. आपल्या परीक्षणात एखाद्या प्रसंगाला सविस्तर परिच्छेद द्यायचा असेल तर असा प्रसंग निवडावा, कारण ‘नायक आक्रमक आहे’ या विधानाशी वाचक वाद घालू शकतो, पण समोर मांडलेल्या दृश्यक्रमाशी घालणे त्याला जड जाते.

नायकाच्या मागे लागताना ‘चांगल्या मित्रा’ला सूट मिळणार नाही याचीही काळजी घ्यावी. माझ्या मते या चित्रपटातले खरे कोडे नोआ नसून ली आहे. मैत्रिणीने कोणावर प्रेम करावे हे आपण ठरवू शकतो असे तो गृहीत धरतो, रुसतो, आणि क्षमा मात्र तिनेच मागायची असते. म्हणजे एक भाऊ मुठीने हक्क गाजवतो, दुसरा नियमावलीने, आणि चित्रपट या दोन्ही हक्कांना जिव्हाळ्याचे नाव देतो. अशी दुय्यम पात्रातून सापडणारी संगती परीक्षणाला वजन देते. ती शोधण्यासाठी नायक-नायिका पडद्यावर नसलेली दृश्येही तितक्याच लक्षपूर्वक पाहावी लागतात.

तुलना करायची असेल तर एकच करावी, आणि तीही वाचकाने पाहिलेल्या चित्रपटाशी. मराठी वाचकासाठी नागराज मंजुळे यांचा २०१६ चा ‘सैराट’ याहून सोयीचे उदाहरण नाही. आर्ची आरंभी चांगलीच तोऱ्यात वागते, पण तो तोरा कोणत्या घरातून आणि कोणत्या सत्तेतून आला आहे हे आपल्याला सतत दिसत राहते. पुढे हैदराबादमध्ये संशयाने पेटलेला परश्या तिच्यावर हात उगारतो, तेव्हा आपल्याला तो आवडेनासा होतो आणि तसे व्हावे अशीच दिग्दर्शकाची इच्छा असते. आर्ची त्याला सोडून निघते, गाडीत बसते, आणि ती परत येईपर्यंतचा काळ चित्रपट आपल्याला सोसायला लावतो. दोन्ही चित्रपटांत तरुण नायकाचा राग आहे. एका ठिकाणी त्या रागाला परिणाम आहेत, दुसऱ्या ठिकाणी केवळ पुढचे स्थळ आहे. मात्र तुलना दोन-चार वाक्यांत आटोपावी, नाहीतर परीक्षण भलत्याच चित्रपटाचे होऊन बसते.

नटांचा राग पात्रांवर आणि पात्रांचा राग नटांवर काढू नये. जोई किंगने एलच्या धांदरटपणात अंगविक्षेपांचा जो विनोद आणला आहे तो चित्रपटातला सर्वांत जिवंत भाग आहे आणि तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. नोआ झालेल्या जेकब एलॉर्डीच्या वाट्याला रोखून पाहणे आणि चिडणे यापलीकडे फारसे काही आलेलेच नाही. त्याचप्रमाणे मूळ लेखिकेच्या कोवळ्या वयाचा दाखला देऊन कथेला माफही करू नये किंवा हिणवूही नये. पंधराव्या वर्षी दांडगट मुलाचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. ते स्वप्नरंजन पडद्यावर आणताना हाताशी असलेल्या प्रौढ मंडळींनी त्यात काही प्रश्न उभे केले नाहीत, ही तक्रार प्रौढांपाशी करावी. तरुण प्रेक्षकांना तर मुळीच दटावू नये. ज्यांना हा चित्रपट आवडला त्यांना त्यातली हुरहुर, गुपित आणि उन्हाळी मोकळेपण आवडलेले असते, आणि ते त्यात खरोखरच आहे. अशा परीक्षणांत पालकसभेचा सूर फार लवकर लागतो, म्हणून पहिला खर्डा मोठ्याने वाचून तसली वाक्ये काढून टाकावीत.

लोकप्रियतेचा मुद्दा वाचक काढणारच. या चित्रपटाचे २०२० आणि २०२१ मध्ये आणखी दोन भाग आले, यावरून तो भरपूर पाहिला गेला एवढे सिद्ध होते. तो चांगला आहे किंवा पाहणारे मूर्ख आहेत, यांपैकी काहीही सिद्ध होत नाही. एका वाक्यात हे नोंदवून पुढे जावे.

लिहिताना सुरुवात निकालाने न करता निवडलेल्या प्रसंगाने करावी, त्यानंतर कथानक दोन-तीन वाक्यांत, मग प्रसंगावरून काढलेले अनुमान आणि शेवटी अभिनय, संगीत वगैरे. ‘टॉक्सिक’ हा शब्द एकदाही न वापरता परीक्षण पूर्ण करण्याचा प्रयत्न करावा. तो गाळला की काय घडले ते सांगावेच लागते. तारे द्यायचे असतील तर ते मजकूर पुरा झाल्यावर द्यावेत. प्रसिद्ध करण्यापूर्वी ज्या दोन-तीन प्रसंगांवर सारा भर दिला आहे ते पुन्हा लावून पाहावेत आणि कोण काय बोलले, कोण आधी वळले, गाणे नेमके कुठे सुरू झाले, हे आपल्या वाक्यांशी ताडून घ्यावे.