जबरदस्तीचे मानसिक उपचार थांबवायची मोहीम कशी चालवायची

सगळ्यात आधी एक क्लिअर करा, आपला विरोध डॉक्टरांना नाही, गोळ्यांनाही नाही, जबरदस्तीला आहे. ज्याला औषध हवंय त्याने खुशाल घ्यावं, पण नको म्हणणाऱ्याला बांधून इंजेक्शन द्यायचं नाही, एवढंच. आणि मोहिमेच्या जोशात कोणाला चालू गोळ्या एकदम बंद करायला सांगू नका हां, त्याने माणूस खरंच आजारी पडतो.

मग कायद्याचा अभ्यास. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग हक्क करार काढा, त्यातलं कलम १४ सांगतं की अपंगत्व आहे म्हणून कोणाला डांबता येत नाही आणि २५ मध्ये उपचारासाठी समजून-उमजून दिलेली संमती लागते. पण समोरचाही वाचून येतो बरं का! ऑस्ट्रेलियाने करार मान्य करतानाच लिहून ठेवलंय की शेवटचा उपाय म्हणून सक्तीचे उपचार चालतील, हे कोणीतरी तोंडावर फेकणारच.

खरी परीक्षा एका प्रश्नात असते, "तो जीव द्यायला निघाला तर बघत बसायचं का?" इथे चिडायचं नाही आणि टाळायचंही नाही, कारण हे विचारणारी बहुतेकदा कोणाची तरी आई असते आणि ती रात्रभर जागलेली असते. तिला पर्याय दाखवा. स्वतः त्यातून गेलेला सोबती, चोवीस तास उघडं असलेलं केंद्र, बरं असताना स्वतःच लिहून ठेवायचं की बिघडलं तर काय करा, काय करू नका, कोणाला बोलवा. इटलीने १९७८ च्या कायद्याने मनोरुग्णालयं बंद करायला घेतली, त्रिएस्ते शहरात वस्तीतली केंद्रं उभी राहिली, हे जरूर सांगा, पण सक्तीचे उपचार त्या कायद्यातही राहिले, सात-सात दिवसांसाठी, तेही सांगा. अर्धवट सांगितलं की पकडले जाता.

बोलायला ज्यांनी हे भोगलंय तेच पुढे, बाकीचे खुर्च्या मांडायला. मात्र कोणाची गोष्ट वापरायची तर आधी विचारा, आणि उद्या तो नको म्हणाला तर काढून टाका, संमतीसाठीच भांडतोय ना आपण.

आमदार-खासदार भेटले की सगळा कायदा बदला म्हणून सुरुवात करू नका. आधी आकडे मागा, दर महिन्याला किती जणांना बांधलं, किती जणांना एकट्याला कोंडलं, किती शॉक संमतीशिवाय दिले. आणि ते रुग्णालयातल्या वॉर्डाप्रमाणे मागा, नाहीतर सरासरीत सगळं लपतं.