जुन्या पद्मिनीची इंजिन फाउंडेशन घरच्या घरी कशी बदलावीत

गाडी उभी असताना स्टिअरिंग थरथरतं. क्लच सोडला की बॉनेटखाली धप्प असा आवाज येतो. कुंभार्ली घाट चढताना दुसऱ्यातून तिसरा टाकायला जावं तर गिअर अडतो. अशी गाडी गॅरेजला नेली की कार्बोरेटर उघडतात, प्लग बदलतात, पॉइंट घासतात. आमच्या पद्मिनीचं दोन महिने हेच चाललं होतं. शेवटी एका संध्याकाळी मीच इंजिनाखाली हात घातला, तर डाव्या फाउंडेशनचं रबर पत्र्यापासून सुटलेलं. फटीतून बोट आरपार जात होतं.

फाउंडेशन म्हणजे दोन लोखंडी पत्रे आणि त्यांच्यामध्ये कारखान्यात उष्णतेने, दाबाने पक्कं जोडलेलं रबर. पद्मिनीच्या इंजिनाला पुढे डावं-उजवं अशी दोन असतात आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. चार सिलिंडरचं इंजिन एका फेरीत दोनदा पेटतं. मिनिटाला ८०० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला सव्वीस-सत्तावीस धक्के होतात, आणि ते सगळे हे रबर गिळतं. अशा इंजिनाला रबरावर तोलून धरायची युक्ती १९३१ साली अमेरिकेत प्लिमथ गाडीने ‘फ्लोटिंग पॉवर’ या नावाने गाजवली होती. गिअर का अडतो, तेही यातूनच कळतं. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगला आहे. स्टिअरिंगचा कॉलम, म्हणजे त्याची नळी, बॉडीला बांधलेला आणि गिअरबॉक्स इंजिनाबरोबर हलणारा. इंजिन जागेवरून सरकलं की मधल्या दांड्यांचं माप चुकतं.

कोकणात हे रबर दोन बाजूंनी मरतं. खाऱ्या हवेने पत्र्याच्या कडेला गंज धरतो, तो आत सरकत जातो आणि रबराला पत्र्यापासून उचलतो. त्यात ब्रॅकेटच्या खाचेत लाल माती बसते, ती ओल धरून ठेवते. दुसरा वैरी म्हणजे गळणारं ऑइल. नैसर्गिक रबराला खनिज तेल अजिबात चालत नाही. ते फुगतं आणि मेणासारखं मऊ पडतं. इंजिन गळत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर नवीन फाउंडेशनचीही तीच गत होईल.

आता तपासणी. बॉनेट उघडा, हँडब्रेक ओढा, जाणत्या माणसाला ब्रेकवर पाय ठेवून गाडीत बसवा. तुम्ही बाजूला उभं राहा; गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही नको. इंजिन चालू करून पहिला गिअर टाकायला लावा, क्लच जेमतेम पकड घेईल इतपत सोडायला सांगा, मग रिव्हर्समध्ये तेच. इंजिन थोडं कलणारच. पण एक बाजू इंचभर उचलून परत आपटत असेल तर त्या बाजूचं फाउंडेशन गेलं. आपल्याकडच्या अशा गाडीच्या लांबीत बसवलेल्या इंजिनात पुढच्या गिअरमध्ये ताण बहुतेक वेळा डाव्या बाजूला येतो, म्हणून तीच आधी फाटते. तरीही बदलताना तिन्ही बदला. एक नवीन आणि दोन बसलेली असली की इंजिन तिरकं राहतं.

सुटलेलं रबर डिंकाने किंवा सोल्यूशनने चिकटवायच्या भानगडीत पडू नका. मी चिकटवून पाहिलंय, आठवडाभरही टिकलं नाही. नवीनच घ्या. मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा कुर्ल्याला फिरलात तर मिळतात, पण पाकीट बंद आहे म्हणून माल ताजा असं समजू नका. पद्मिनीचं उत्पादन थांबून वीस वर्षं उलटून गेली. नखाने दाबून बघा: दबून परत वर आलं पाहिजे. कडक लागलं, वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर परत द्या.

काम सुरू करायच्या दोन दिवस आधी सगळ्या नटबोल्टांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, दुसऱ्या दिवशी पुन्हा मारा. गंजलेला बोल्ट तुटला तर तासाभराचं काम दोन दिवसांवर जातं. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावा. पुढची बाजू जॅकने उचलून बॉडीच्या भक्कम भागाखाली लोखंडी स्टँड, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या घोड्या, लावा. आपल्या अंगणात जांभ्या दगडाचे चिरे पडलेले असतात आणि हात आपसूक तिकडे जातो. गाडीखाली चिरा लावू नका. भिंतीत चिरा पिढ्यानपिढ्या उभा राहतो, कारण तिथे वजन सगळ्या अंगावर पसरलेलं असतं. गाडीच्या कडेचं वजन दोन बोटं जागेवर आलं की जांभा फुटतो, आणि फुटण्याआधी कुठलीही खूण देत नाही. तुम्ही तेव्हा खाली असता.

इंजिन उचलण्याआधी पंखा आणि रेडिएटरच्या मध्ये जाड पुठ्ठा सरकवा. रेडिएटरचे पाइप, ॲक्सिलरेटरचा दांडा आणि सायलेन्सरची क्लिप ताणली जात नाही ना ते बघा. ताण दिसला तर ढिली करा. मग दुसरा जॅक चेंबरखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीखाली घ्या, पण मध्ये रुंद, जाड फळी हवीच. चेंबरचा पत्रा पातळ असतो, जॅकचं डोकं थेट लागलं तर पोचा येतो. फाउंडेशनवरचं वजन सुटेल इतकंच उचला. पुरेसं झालं की बोल्ट हाताने फिरायला लागतो.

एका वेळी एकच बाजू सोडवा. जुनं फाउंडेशन नव्याशेजारी ठेवून उंची आणि भोकं जुळवा. ब्रॅकेट वायर ब्रशने चकाचक करा आणि कोपऱ्यात तडा आहे का ते उजेडात बघा. असेल तर आताच वेल्डिंग करून घ्या. रेड ऑक्साइडचा हात मारा, वरून रंग द्या, पूर्ण वाळू द्या. नवीन फाउंडेशन बसवताना नट हातानेच लावा, स्प्रिंग वायसर नवीन घाला. दुसरी बाजू तशीच. नंतर गिअरबॉक्सला आधार देऊन मागचं.

सगळ्यात जास्त चूक इथून पुढे होते. इंजिन जॅकवर लटकलेलं असतानाच नट करकचून आवळले की रबर कायमचं पिळलेलं राहतं. गाडी चालू केल्यावर थरथर होती तशीच, आणि माणूस म्हणतो नवीन माल खराब निघाला. तिन्ही फाउंडेशन बसेपर्यंत एकही नट पूर्ण आवळू नका. जॅक उतरवा, वजन रबरावर येऊ द्या, पुठ्ठा काढा, ढिल्या केलेल्या क्लिपा लावा, गाडी चाकांवर घ्या. इंजिन हाताने धरून दोन-तीनदा हलवा. बॅटरी जोडून न्यूट्रलमध्ये मिनिटभर नुसतं चालू ठेवा. इंजिन आपली जागा आपण शोधतं. मग बंद करून वर्कशॉप मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, म्हणजे सांगितलेल्या नेमक्या जोराने आवळा.

इंजिन चालू करण्याआधी त्याची अर्थिंगची पट्टी, म्हणजे इंजिन आणि बॉडी जोडणारी तार, बघायला विसरू नका. रबर वीज अडवतं, त्यामुळे इंजिनाची अर्थिंग या पट्टीवरच अवलंबून असते. खाऱ्या हवेत ती हिरवी पडते, तुटते. मग स्टार्टरचा करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापते. टोकं घासून स्वच्छ करा, शंका आली तर पट्टीच बदला.

नवीन फाउंडेशनमुळे इंजिनाची उंची बदलते, त्यामुळे गिअरच्या दांड्यांचं सेटिंग थोडं करावं लागेल. सगळे गिअर उभ्या गाडीत टाकून बघा. ५०० किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा तपासा. दरवर्षी पाऊस उघडला की ब्रॅकेटमधली माती गोड्या पाण्याने धुऊन काढा आणि बोल्टच्या उघड्या टोकांना ग्रीस लावा. ग्रीसचं बोट रबराला लागू देऊ नका.