दुपारीच नखरे करणारी जीप : माझा अनुभव

आमची जुनी डिझेल जीप सकाळी एका सेल्फमधी उठे, पण उन्हात उभी करून बाजारातून परत आलं की नुसतं टक करे अन् गप. एक मिस्त्री म्हणे सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बदला, दुसरा म्हणे बॅटरी. वैशाखात यवतमाळ रोडवर धक्का मारायले कोण भेटते सांगा!

मग व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर लावला. बॅटरी 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल. भावाले सेल्फ मारायले लावून मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर अन् दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरली, तं चक्क दीड व्होल्ट दाखवे, तिथं अर्ध्या व्होल्टच्या आत पाहिजे. म्हणजे लोच्या अर्थिंगचा, बॅटरीच्या मायनसपासून इंजिनच्या लोखंडाले जाणाऱ्या वायरचा. तिचा नट खोलला तं लगच्या (वायरच्या टोकाच्या कडीच्या) खाली हिरवट थर अन् गंज, वरून मात्र वायर एकदम चकाचक. गरम झालं की रेझिस्टन्स वाढते, म्हणून दुपारीच नाटकं.

पॉलिश पेपरनं लोखंड चमकेपर्यंत घासलं, नवा लग लावला, नट कसून वरून ग्रीस चोपडलं. आता भर दुपारीही उठते. आणि हो, खोलताना बॅटरीची मायनस आधी काढा, लावताना शेवटी, अन् टेस्ट करताना गाडी न्यूट्रलमधीच ठेवा बरं, नाहीतर सेल्फवरच पुढं सरकते.