रक्तवाहिनी आवळते कशी अन् सुटते कशी, वहीच्या मागच्या पानावर काढून पाहा

माझं दारव्हा तालुक्यातल्या एका गावात मेडिकल आहे, भाचा यवतमाळले बी.फार्म करतो. दिवाळीत आला तं वही उघडून बसला, पानभर बाणच बाण, वर रिसेप्टर (पेशीवरचं निरोप घेणारं दार) लिहिलेला अन् तिसऱ्या बाणापाशी गडी झोपलेला. मामा हे पाठच होत नाही म्हणे. होईल कसं बाप्पा, वरून खाली उतरत गेलास तं रस्ता लांब वाटणारच. खालून वर चढ. त्याले जे काढून दाखवलं तेच इथं टाकतो, पेन घ्या.

पानाच्या पार खाली मायोसिन, म्हणजे वाहिनीच्या भिंतीतला स्नायू ओढणारं प्रोटीन, लिहा अन् त्याच्या डोक्यावर एक बारका गोल काढा, तो फॉस्फेट. गोल लागला की स्नायू आवळतो, निघाला की सुटतो. आता डाव्या हाताला गोल लावणारा लिहा, त्याचं नाव मायोसिन लाइट चेन कायनेज, अन् उजव्या हाताला काढणारा, फॉस्फेटेज. दोघंही सारखे कामावर असतात, ज्याचा जोर जास्त त्याचं चालते. पुढं कितीही अवघड नाव आलं तरी विचारायचं एकच, हा लावणाऱ्याचा माणूस का काढणाऱ्याचा?

कायनेजले जागं कोण करते, तं कॅल्शियम. पण थेट नाही, आधी कॅल्शियमचे चार आयन कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रोटीनवर बसतात अन् ती जोडी जाऊन कायनेजले उठवते. इथं पोट्टे हमखास ट्रोपोनिन (कॅल्शियम धरणारं दुसरं प्रोटीन) लिहून मार्क घालवतात. ट्रोपोनिन दंडाच्या स्नायूत असते, हृदयात असते, रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या ह्या स्नायूत, म्हणजे स्मूथ मसलमध्ये, त्याचं काम नाही. खोडा ते.

आता अजून एक पायरी वर. कॅल्शियम येते दोन वाटांनी, बाहेरून पेशीच्या पडद्यातल्या एल-टाइप चॅनलमधून अन् आतल्या साठ्यातून. डिसेंबरात सकाळी कापूस वेचायले गेलं की दवानं बोटं पांढरीफटक पडतात ना, तिथं नसांच्या (मज्जातंतूंच्या, रक्ताच्या शिरा नव्हे) टोकातून नॉरअॅड्रेनलिन हे रसायन सुटते, अल्फा-१ रिसेप्टरवर बसते, आत जीक्यू प्रोटीन, मग फॉस्फोलायपेज सी, मग आयपी३, अन् आयपी३ जाऊन साठ्याचं दार उघडते. अँजिओटेन्सिन-२ हे वाहिनी आवळणारं हार्मोन, त्याचं दार वेगळं, एटी-१, पण आतली वाट हीच, म्हणून दोन वेगळे बाण काढायची गरज नाही, एकाच बाणाले दोन शेपट्या काढा. सोबत रो-कायनेज नावाचा एक आहे, तो लावणाऱ्याले मदत करत नाही, काढणाऱ्याचे हात धरते. कॅल्शियम तेवढंच राहून आवळणं वाढते ते ह्याच्यामुळं, अन् परीक्षेत हाच प्रश्न फिरवून विचारतात.

आता उजवी बाजू, अन् इथं पेनाचा रंग बदला, गंमत नाही, खरंच बदला. कारण इथं दोन पेशी आहेत. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशीत कॅल्शियम वाढलं की तिथं नायट्रिक ऑक्साइड बनते, ते शेजारच्या स्नायूत झिरपते, तिथं सायक्लिक जीएमपी हा आतला निरोप्या रेणू वाढते अन् त्यानं कॅल्शियम खाली येते, फॉस्फेटेजचा जोर वाढते. म्हणजे एका घरी कॅल्शियम वाढलं अन् शेजारच्या घरी कमी झालं, एकाच रंगात काढलं तं गोंधळ पक्का. शास्त्रज्ञ फर्चगॉट यांनी १९८० मध्ये सशाच्या महाधमनीचे तुकडे घेऊन दाखवलं की आतलं अस्तर घासून निघालं असलं तं एरवी वाहिनी सैल करणारं अॅसिटिलकोलीन टाकूनही ती सैल पडत नाही. हे अस्तर काय सोडते त्याच्या शोधाले १९९८ चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो अन् मुराद तिघांले.

एवढं झालं की माझ्या रॅकमधल्या गोळ्या त्या पानावर ठेवा. बीपीची अॅम्लोडिपिन एल-टाइप चॅनलपाशी, ते अडवते. बीपीचीच टेल्मिसार्टन एटी-१ पाशी, ते दार अडवते. छातीत दुखलं की घ्यायची जिभेखालची नायट्रेटची गोळी नायट्रिक ऑक्साइडच्या बाणावर, अन् सिल्डेनाफिल (व्हायग्रातलं औषध) त्याच बाणावर जरा पुढं, कारण सायक्लिक जीएमपी मोडणाऱ्यालेच ते अडवते, म्हणून ह्या दोन गोळ्या एकत्र दिल्या तं बीपी धाडकन पडते. काउंटरवर हे मी दहादा विचारून घेतो, लोक लाजतात, तरी विचारतो. अॅम्लोडिपिनवाल्या एका काकांच्या पायावर संध्याकाळी चपलेचा पट्टा उमटून राहायचा, बोट दाबलं तं खड्डा. धमनीची बारीक टोकं सैल झाली पण शिरा तेवढ्या नाही झाल्या, पाणी बाहेर झिरपलं. डॉक्टरले दाखवा म्हटलं, गोळी मनानं बंद नका करू.

आता पान झाका अन् लाल इचू चावलेला माणूस समोर ठेवा. विष नसांमधले सोडियम चॅनल उघडेच ठेवते, अॅड्रेनलिन-नॉरअॅड्रेनलिनचा पूर येते, हातपाय थंडगार, घामानं चिंब, बीपी वर, अन् जास्त झालं तं फुफ्फुसात पाणी. कोणत्या दारावर कुलूप लावाल? अल्फा-१. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी अल्फा-१ अडवणारं प्राझोसिन वापरून हेच केलं, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली त्यांले. अर्थात गोळी घरी नाही द्यायची, पेशंटले लगेच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) न्यायचं, मंत्र मारणाऱ्यापाशी थांबायचं नाही.

एक गोष्ट ह्या पानावर मावत नाही, मागं लिहा. हा स्नायू नुसता आवळत-सुटत नाही, नोकरीही बदलते. वाहिनीले जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट पीडीजीएफ, म्हणजे वाढीचा निरोप देणारं प्रोटीन, सोडतात, मग हीच पेशी आवळायचं सोडून वाढायले अन् सरकायले लागते, आतून वाट बुजवते. स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकल्यावर वाहिनी पुन्हा बारीक होते त्यात हिचा मोठा हात, अन् स्टेंटवर सिरोलिमससारखं औषध चढवतात ते हिची वाढ रोखायलेच.