बायबल अभ्यासाच्या गटचर्चेचा पॉडकास्ट कसा करावा

आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमून पवित्र शास्त्र वाचणारे गट बहुतेक ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) आहेत. त्यातली तरुण पोरं नोकरीपायी पुण्याला, दुबईला, मस्कतला जातात आणि ‘आमच्यासाठी रेकॉर्ड करून ठेवा’ असा निरोप हमखास येतो. रेकॉर्ड करणं अवघड नाही, साधा फोनही पुरतो. माणसं मोकळी बोलतात म्हणून चर्चा ऐकावीशी वाटते, आणि समोर माइक दिसला की तीच माणसं आवरून बोलायला लागतात. खरी कसरत तिथे आहे. तेव्हा आधी माणसांचं बघू, मग यंत्राचं.

परवानगी, आणि प्रार्थनेआधी रेकॉर्डर बंद

सभेचे दोन भाग पाडा. वचनावरची चर्चा रेकॉर्ड होईल. प्रार्थनेचे विषय होणार नाहीत, अगदी ‘नंतर कापू’ म्हणूनही नाहीत. कुणाच्या मुलाचं दारूचं, कुणाची मोडलेली सोयरीक, कुणाचा बायोप्सीचा रिपोर्ट, हे सगळं त्या खोलीपुरतं असतं. नाव काढून टाकलं तरी भागत नाही. अहिल्यानगर असो की वसई, आपल्यात लोक आवाजावरून घर ओळखतात.

साक्षीचं, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगण्याचं, जरा नाजूक असतं. सांगणारा राजीखुशीने सांगतो, पण त्यात सासू येते, भाऊ येतो, शेजारी येतो. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. अशा जागी कात्री लावावी असं माझं मत आहे, साक्ष कितीही चांगली असली तरी.

परवानगी पहिल्याच बैठकीत, रेकॉर्डर बाहेर काढायच्या आधी विचारा. सोबत एक नियम ठेवा: भाग प्रसिद्ध होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कुणीही ‘माझं तेवढं काढा’ म्हणू शकतो, आणि कारण विचारायचं नाही. नवा पाहुणा आला तर त्यालाही सुरुवातीलाच सांगा. मुलं बोलणार असतील तर आईवडिलांना विचारा. पाळकसाहेबांना किंवा फादरांना ही बातमी तुमच्याकडूनच कळू द्या. बाहेरून कळली की उगीच फाटे फुटतात.

सुरुवात छोट्या पुस्तकाने

बायबलमधलं रूथचं पुस्तक घ्या. ४ अध्याय, ४ भाग, विषय संपला. पुढचं मग ठरवा. दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाबात गेलेलं कुटुंब, विधवा सासू आणि तिला न सोडणारी परक्या देशातली सून, यावर बोलायला कुणाला टीकाग्रंथ (अर्थ उलगडणारं भाष्य) लागत नाही. दुसऱ्या अध्यायात ही सून, रूथ, बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवा (कापणीनंतर पडून राहिलेली कणसं) वेचते. लहानपणी स्वतः सरवा वेचलेली एखादी आजी गटात असेल, तर कापणीनंतर शेतात कोण आधी शिरायचं, मुकादम कुणाला हाकलायचा, हे तिला बोलू द्या. तिला मध्येच तोडून ‘आता वचन ८’ म्हणू नका. प्रकटीकरण हे बायबलचं शेवटचं, गूढ पुस्तक मात्र पहिल्यांदा नको. दोघांची जुंपते आणि बाकीचे घड्याळ बघत बसतात.

खोली आणि माइक

फरशीचा मोकळा हॉल घुमतो. त्यापेक्षा गादी, पडदे, कपड्यांचं कपाट असलेली आतली खोली बरी. पंखा बंद. कुकर सभा संपल्यावर लावायचा आणि चहाही नंतरच, कारण बशीवर कप ठेवल्याचा आवाज इअरफोनमध्ये हातोड्यासारखा लागतो.

सहा-आठ जण असतील तर गोल करून, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसा. फोन किंवा रेकॉर्डर मध्यभागी, घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. काचेच्या टीपॉयवर नुसतं बोट आपटलं तरी ते उमटतं. फोन एअरप्लेन मोडवर हवा, नाहीतर ऐन चर्चेत कॉल येतो. माणसं जास्त असतील तर दोन्ही बाजूंना एकेक फोन ठेवा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. पुढे दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळवता येतात. खर्च करायचाच असेल तर कॉलरला लावायच्या बिनतारी माइकची जोडी घ्या. एक चर्चा चालवणाऱ्याला, दुसरा हातोहात फिरता. ज्याच्या हाती माइक तोच बोलतो, त्यामुळे गलकाही आपोआप थांबतो.

रेकॉर्डरवर आवाजाची पातळी (लेव्हल) दिसत असेल तर सगळ्यात मोठ्या आवाजाचा माणूस उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील असं बघा. चर्चेआधी दहा सेकंद सगळ्यांनी गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. तो पुढे उपयोगी पडतो.

आता पानांचं. बायबलचा कागद पातळ असतो आणि ‘रूथ २ काढा’ म्हटलं की दहा जण एकदम पानं उलटतात. त्यात चेनवाल्या कव्हरची करकर. उपाय सोपा आहे: संदर्भ सांगा, पानं शांत होऊ द्या, मग एकानेच वाचा.

चर्चा चालवताना

ऐकणाऱ्यासमोर पुस्तक उघडं नसतं, तो बसमध्ये असतो. म्हणून ‘या वचनात’ न म्हणता ‘दुसऱ्या अध्यायाच्या ११व्या वचनात’ म्हणा. मान हलवलेली रेकॉर्ड होत नाही. कोपऱ्यातून हळू आलेला प्रश्न चालवणाऱ्याने मोठ्याने पुन्हा सांगावा. दुसऱ्या पंथावर किंवा धर्मावर सुटलेला शेरा प्रसिद्ध करू नका.

कात्री आणि आवाज

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. रिकाम्या खोलीचे ते दहा सेकंद नमुना म्हणून देऊन खोलीची घरघर कमी करा, पण बेताने. अति केलं की माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. मग कंप्रेसरने (मोठ्या-लहान आवाजातला फरक कमी करणाऱ्या सोयीने) हळू बोलणाऱ्यांचा आवाज वर आणा. शेवटी मोनो (एकाच चॅनलची) फाइल उणे १९ एलयूएफएसच्या आसपास बसवा; एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप. प्रश्नानंतरची शांतता छोटी करा, पूर्ण पुसू नका.

भाषांतर आणि गाण्याचे हक्क

चर्चेसाठी दोन-चार वचनं वाचणं वेगळं आणि दर भागात अख्खा अध्याय वाचणं वेगळं. बायबल सोसायटी ऑफ इंडियाच्या आवृत्तीतून सलग वाचणार असाल तर पत्र लिहून परवानगी घ्या. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. पंडिता रमाबाई १९२२ साली वारल्या, त्यामुळे त्यांचं बायबलचं मराठी भाषांतर मोकळं आहे, भाषा जुनी असली तरी. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक १९१९ साली गेले, म्हणजे त्यांच्या पदांचे शब्दही मोकळे. पण कुणीतरी गायलेलं रेकॉर्डिंग उचलायचं नाही. पेटीवर आपल्याच गटाने पारंपरिक चालीत दोन ओळी म्हणाव्यात.

प्रसिद्ध करताना

स्पॉटिफायच्या निर्मात्यांसाठीच्या सेवेवर फाइल मोफत ठेवता येते. तिथून मिळणारा आरएसएस दुवा (नवे भाग अॅपपर्यंत आपोआप पोचवणारा पत्ता) अॅपल पॉडकास्टला द्यायचा. मुखचित्र चौकोनी, ३००० बाय ३००० पिक्सेल. नावात पुस्तक आणि अध्याय आधी लिहा: ‘रूथ २: बवाजाच्या शेतात’. ६४ केबीपीएसची मोनो एमपीथ्री ४० मिनिटांना साधारण १९ एमबी होते, त्यामुळे व्हॉट्सअॅपवरही ‘डॉक्युमेंट’ म्हणून सहज जाते. मंडळीतले वयस्कर लोक अॅप उघडत बसणार नाहीत, त्यांना फाइलच पाठवा.